आवडती रहस्यकादंबरी पडद्यावर आली, तर ती जोखायची कशी? (उदाहरण: बास्करव्हिलचा कुत्रा)

आवडत्या पुस्तकावर सिनेमा किंवा मालिका आली की बरेच जण दोनपैकी एक वाक्य बोलून मोकळे होतात. "पुस्तकाची सर नाही" किंवा "पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा". पहिल्या वाक्यातून काय बिघडलं ते कळत नाही आणि दुसऱ्याने बोलणंच खुंटतं. रहस्यकथेच्या बाबतीत तर हे फार वाईट, कारण तिथे नेमकं बोलण्यासारखं पुष्कळ असतं. कोणता सुगावा कुठे दाखवला, कोणता झाकून ठेवला, कुणाच्या नजरेतून सांगितला, यावरच रहस्यकथा उभी असते. दुसऱ्या एखाद्या कादंबरीतले दोन प्रसंग गाळले तरी कथा तरून जाते. रहस्यकथेतला एक बूट गाळला तर सगळा उलगडा लंगडा होतो.

बूट उगाच म्हटलेलं नाही. या लेखात मी उदाहरण म्हणून एकच कादंबरी घेणार आहे: आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. बास्करव्हिल घराण्याला एका भुताळी कुत्र्याचा शाप आहे ही दंतकथा, घरातल्या सर चार्ल्सचा गूढ मृत्यू आणि नवा वारस सर हेन्री याच्यावरचं संकट, अशी ही गोष्ट. ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ती 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली आणि १९०२ मध्येच पुस्तकरूपात निघाली. शेरलॉक होम्सच्या कादंबऱ्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा पडद्यावर आली ती हीच. त्यामुळे तुलनेला भरपूर माल मिळतो. गुन्हेगाराचं नाव मी घेणार नाही, पण काही सुगाव्यांचा उलगडा केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कादंबरी वाचली नसेल तर आधी ती वाचा. पंधराच प्रकरणं आहेत, दोन-तीन रात्रींत सहज संपते.

पहिली पायरी: पुस्तक पुन्हा वाचा, पेन्सिल हातात घेऊन

"मला सगळं आठवतंय" यावर विसंबू नका. आपल्या आठवणीत पुस्तक, आधी पाहिलेले सिनेमे आणि मासिकातली चित्रं यांची सरमिसळ झालेली असते. होम्स म्हटलं की कानांवर पट्ट्या असलेली ती शिकारी टोपी डोळ्यांसमोर येते. ती रुजवली सिडनी पॅजेट यांच्या चित्रांनी आणि नंतरच्या नट मंडळींनी. या कादंबरीत डार्टमूरच्या माळावर होम्स सापडतो तेव्हा त्याच्या अंगावर ट्वीडचा सूट आणि डोक्यावर साधी कापडी टोपी असते, आणि तो चारचौघा पर्यटकांसारखा दिसतो असं गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या मित्राने, डॉ. वॉटसनने, स्पष्ट लिहिलंय. आता एखाद्या दिग्दर्शकाने त्याला साधी टोपी घातली आणि आपण "हा होम्स वाटतच नाही" म्हणालो, तर ती तक्रार पुस्तकाच्या बाजूने केलेली नसते.

वाचताना सुगाव्यांची यादी करा. प्रत्येक सुगाव्यापुढे दोन प्रकरणांचे आकडे लिहा: तो वाचकाला पहिल्यांदा कुठे दिसला आणि त्याचा अर्थ कुठे सांगितला. एवढंच. पात्रांचे कपडे, घरांची वर्णनं, संवाद यांची यादी करत बसू नका, ती कामाला येत नाही.

बुटाचं बघू. सर हेन्री बास्करव्हिल कॅनडाहून येऊन लंडनच्या नॉर्थम्बरलँड हॉटेलात उतरतो. रात्री खोलीबाहेर ठेवलेल्या जोडीतला एक बूट सकाळी गायब. बूट तपकिरी, कोरा करकरीत, आदल्याच दिवशी विकत घेतलेला, पायात एकदाही न घातलेला. मग दुसऱ्या जोडीतला एक जातो, तो मात्र काळा आणि वापरून जुना झालेला. आणि त्यानंतर पहिला तपकिरी बूट खोलीतच एका कपाटाखाली सापडतो. वाचताना हे विनोदी वाटतं. सर हेन्री वेटरवर डाफरतो, आपल्यालाही हसू येतं. पण होम्सला इथेच कळून चुकतं की आपली गाठ भुताशी पडलेली नाही, हाडामांसाच्या कुत्र्याशी आहे. माग काढायला कुत्र्याला माणसाचा वास लागतो, आणि कोऱ्या बुटाला कसला वास असणार? म्हणून चोराला तो परत करून जुना न्यावा लागला.

म्हणजे या सुगाव्याला तीन भाग आहेत: बूट नवा होता, तो परत आला, आणि त्याच्या जागी जुना गेला. पडद्यावर नुसतं "माझा बूट चोरीला गेला" एवढंच आलं तर प्रेक्षकाला विचार करायला काही उरत नाही. होम्स शेवटी सांगेल ते मुकाट ऐकायचं. पण रंग, नवेपणा आणि परत मिळणं हे तीन क्षण दिसले, तर प्रसंग अर्ध्या मिनिटात उरकला तरी चालेल, प्रेक्षकाला न्याय मिळाला. सुगाव्याला किती वेळ दिला, यापेक्षा तो पुरता पोहोचला का, हे बघायचं.

पुस्तक स्वतःही दर वेळी सरळ खेळत नाही, हेही यादीत येऊ द्या. सर हेन्रीला वर्तमानपत्रातले शब्द कापून चिकटवलेली धमकीवजा चिठ्ठी येते. होम्स तो कागद डोळ्यांपासून एक-दोन इंचांवर धरून तपासतो, एवढंच वाचकाला सांगितलं जातं. शेवटच्या प्रकरणात तो म्हणतो की त्या वेळी कागदाला जाईच्या अत्तराचा पुसटसा वास आला आणि म्हणून यात एक स्त्री आहे हे ओळखलं. हा वास आपल्यापासून लपवलेला होता. त्यामुळे एखाद्या पटकथेने इथे थोडी उघड खूण ठेवली, होम्सला थबकून श्वास घेताना दाखवलं, तर ते मूळ लेखकापेक्षाही प्रामाणिक काम आहे. मूळ कादंबरीबद्दल प्रेम असणं आणि तिची प्रत्येक गोष्ट वर ठेवणं, यात फरक आहे. नव्याने परीक्षण लिहिणाऱ्यांनी तो लवकर ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि बहुतेक परीक्षणांत ती नसतेच.

या कादंबरीचा खरा नायक डॉ. वॉटसन आहे. होम्स त्याला सर हेन्रीसोबत डार्टमूरला पाठवतो, आपल्याला लंडनमध्ये काम आहे म्हणतो आणि गायब होतो. सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो स्टेशनवर निरोप देतो, तिथून अकराव्याच्या शेवटापर्यंत होम्स नाही. आठवं आणि नववं प्रकरण म्हणजे वॉटसनने होम्सला लिहिलेले अहवाल, दहावं म्हणजे त्याच्या रोजनिशीतला उतारा. रात्री खिडकीशी मेणबत्ती धरून उभा राहणारा नोकर बॅरीमोर, दलदलीत बुडत जाणारं तट्टू, चंद्रप्रकाशात खडकावर उभी दिसलेली अनोळखी आकृती, हे सगळं त्या एकट्या, प्रामाणिक, थोड्या बावरलेल्या माणसाच्या नजरेतून आपल्यापर्यंत येतं. भीती तिथून येते. होम्स शेजारी असता तर अर्धी भीती उरलीच नसती.

पडद्यावरची अडचण उघड आहे. होम्सची भूमिका करणारा मोठा नट आणि तो अर्धा वेळ गैरहजर! निर्मात्याला हे परवडत नाही. मग मधेच होम्स कुठेतरी काहीतरी तपासताना दाखवला जातो. असं झालं की माळावरच्या त्या आकृतीचं गूढ तिथल्या तिथे मेलं. वॉटसन दगडी झोपडीत पिस्तूल घेऊन दबा धरून बसतो, बाहेर पावलं वाजतात, आणि आत येणारा कोण हे प्रेक्षकाला अगोदरच ठाऊक असेल तर त्या प्रसंगात राहिलं काय?

म्हणून बघताना स्वतःला विचारा: या क्षणी वॉटसनला जेवढं माहीत आहे, तेवढंच मला माहीत आहे का? जास्त माहीत असेल, तर त्या बदल्यात सिनेमाने मला काय दिलं? कधीकधी खरंच काही मिळतं. प्रेक्षकाला धोका कळलेला आहे आणि पात्राला नाही, यातून वेगळा ताण तयार होतो. पण तो कथेचा प्रकार बदलतो, कोड्याचा थरारपट होतो. हे नोंदवा. चांगलं की वाईट ते नंतर ठरवू.

वॉटसन कसा रंगवलाय हेही याच पायरीत येतं. पहिल्या प्रकरणात तो, ही केस होम्सकडे आणणाऱ्या डॉ. मॉर्टिमरच्या काठीवरून बरेच अंदाज बांधतो आणि त्यातले बहुतेक चुकतात. पण तो मूर्ख नाही. तो सैन्यात डॉक्टर होता, अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेला, वेळ आली तर एकटा झोपडीत शिरणारा माणूस. बॅसिल रॅथबोनच्या चित्रपटमालिकेत नायजेल ब्रूसने गोंधळलेला, प्रेमळ वॉटसन लोकप्रिय केला आणि पुढची कित्येक वर्षं तोच साचा चालला. मात्र त्या मालिकेतल्या पहिल्या, १९३९च्या 'हाउंड'मध्ये ब्रूस नंतरच्या चित्रपटांइतका वेंधळा नाही, हे मुद्दाम लक्ष देऊन बघा. या कथेत वॉटसन वेंधळा केला की मधली सहा प्रकरणं पेलणारं कुणी उरत नाही. या कादंबरीचं कुठलंही रूपांतर मी आधी वॉटसनवरून जोखतो, होम्सवरून नंतर.

तिसरी पायरी: पहिल्यांदा बघताना वही बंद

यादी केली, आता ती बाजूला ठेवा. पहिल्यांदा सिनेमा सिनेमा म्हणून बघा. शक्य असेल तर पुस्तक न वाचलेलं कुणीतरी सोबत घ्या, आणि "आता बघ हं" असं अजिबात म्हणू नका. त्या व्यक्तीचा अंदाज कुठे चुकतो, कुठे बरोबर येतो, कुठे ती मोबाइल हातात घेते, याच्याइतकी खरी साक्ष दुसरी नाही. उलगड्याच्या थोडं आधी थांबवून विचारा: "तुला कोण वाटतंय, आणि का?" नाव बरोबर आलं की चूक, हा मुद्दा गौण. "का" याचं उत्तर पडद्यावर दिसलेल्या गोष्टींतून येत असेल तर रूपांतर कोडं म्हणून उभं आहे. "तो नट मोठा आहे, म्हणजे तोच असणार" असं उत्तर आलं, तर सुगावे पोहोचलेले नाहीत.

चौथी पायरी: दुसऱ्यांदा बघताना सुगाव्यांचा माग

आता वही उघडा. यादीतला प्रत्येक सुगावा आला का, कुठे आला, त्याचा अर्थ कुठे लागला, एवढं लिहीत जा. न आलेल्या सुगाव्यापुढे फुली मारून थांबू नका. त्याचं काम दुसऱ्या कशाला दिलंय का ते शोधा.

तेराव्या प्रकरणातला तैलचित्राचा प्रसंग यासाठी उत्तम. बास्करव्हिलच्या जेवणघरात पूर्वजांची चित्रं टांगलेली आहेत. होम्स रात्री हातात मेणबत्ती घेऊन दुष्ट ह्यूगोच्या चित्रासमोर खुर्चीवर चढतो, आपल्या हाताने चित्रातली रुंद टोपी आणि लांब कुरळे केस झाकतो, आणि उरलेला चेहरा वॉटसनला बघायला सांगतो. चित्रात ओळखीचा चेहरा दिसून वॉटसन थक्क होतो. हा क्षण छापील पानापेक्षा पडद्यावर अधिक रंगायला हवा, कारण चेहरा आपण स्वतः बघू शकतो. पण तिथेच खोच आहे. चित्र फार हुबेहूब काढलं तर प्रेक्षक पहिल्या जेवणाच्या प्रसंगातच ओळखतो. फारच वेगळं काढलं तर होम्सच्या हाताने काही सिद्ध होत नाही. चित्र पहिल्यांदा कधी दिसतं, किती वेळ दिसतं आणि उजेड कसा आहे, हे थांबवून बघा. दिग्दर्शकाने कोड्याचा किती विचार केलाय, ते या एका प्रसंगात कळतं.

पाचवी पायरी: बदलांची वर्गवारी

काही बदल निरुपद्रवी असतात. १९३९च्या चित्रपटात बॅरीमोरचा 'बॅरीमन' झाला. बॅरीमोर नावाचं अभिनेत्यांचं घराणं तेव्हा हॉलिवूडमध्ये गाजत होतं. यावर दोन ओळीही खर्च करू नका. त्याच चित्रपटात मृतात्म्याला बोलावण्याच्या बैठकीचा एक प्रसंग घातलाय, तो कादंबरीत नाही. त्याने कथेचं काही बिघडत नाही, वातावरण मात्र गडद होतं.

१९५९चा टेरेन्स फिशर दिग्दर्शित, पीटर कुशिंगचा चित्रपट जास्त धाडसी. भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर कंपनीचा. इथे हॉटेलात सर हेन्रीच्या, म्हणजे क्रिस्टोफर लीच्या, अंगावर भलामोठा विषारी कोळी चढतो. प्रसंग जबरदस्त आहे, श्वास रोखला जातो. पण कोळ्याने एका फटक्यात मारता येत असेल, तर कुत्र्याचा आणि शापाचा एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न डोकं वर काढतो. गुन्हेगाराची पद्धत हा रहस्यकथेचा कणा असतो. ती दुहेरी झाली की कथा मोडते. मला हा चित्रपट आवडतो, कुशिंगचा चपळ, तीक्ष्ण होम्स फार आवडतो, तरीही कोळ्याचे गुण मी कापतोच.

बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेतला २०१२चा भाग दुसऱ्या टोकाचा. काळ आजचा, आणि बास्करव्हिल म्हणजे वाडा नाही, लष्कराचं गुप्त संशोधन केंद्र. यादी घेऊन बसलात तर फुल्याच फुल्या पडतील. पण थोडं थांबा. १९०२च्या वाचकाला घराण्याच्या शापाची भीती खरी वाटू शकत होती, आणि पुस्तकात १७४२चं जुनं हस्तलिखित वाचून ती अंगावर आणली जाते. आजच्या इंग्रज प्रेक्षकाला शापाची भीती वाटणार नाही. कुंपणापलीकडे सरकार काय करतंय याची वाटेल. भीतीची जागा बदलली, तिचं काम तेच राहिलं. असा बदल मी निष्ठेतच मोजतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर १९६२चा 'बीस साल बाद'. दिग्दर्शक बीरेन नाग, निर्मिती आणि संगीत हेमंत कुमार यांचं. वारस गावच्या हवेलीवर परततो, आधीच्या पिढीतल्यांचे मृत्यू, दलदल, रात्रीचे आवाज, एवढा सांगाडा ओळखीचा आहे. कुत्रा नाही. रात्री माणसाला बाहेर ओढून नेण्याचं काम इथे एका स्त्रीच्या आवाजाकडे आलंय, आणि 'कहीं दीप जले कहीं दिल' हे लताबाईंचं गाणं त्याचसाठी आहे. त्या गाण्याने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. कोडं म्हणून हा चित्रपट मूळ कादंबरीच्या जवळ नाही, गुन्ह्यामागचं कारणही निराळं. पण वातावरणाला चालतं-बोलतं रूप कसं द्यायचं, हे त्याने आपल्या पद्धतीने सोडवलं. त्याला होम्सच्या मापाने मोजू नका. अशा मुक्त रूपांतरांसाठी वेगळं पान ठेवा.

सहावी पायरी: कुत्रा

इथे बहुतेक रूपांतरं अडखळतात. कादंबरीत कुत्रा आधी हस्तलिखितात येतो, मग सर चार्ल्सच्या मृतदेहाजवळ दिसलेल्या, मॉर्टिमरच्या तोंडच्या त्या "पावलांच्या ठशां"त, मग माळावरून लांबून आलेल्या ओरडण्यात. प्रत्यक्ष दिसतो तो चौदाव्या प्रकरणात, धुक्यातून, फॉस्फरसने चमकणाऱ्या जबड्यासह, आणि काही क्षणच. एवढ्या तयारीनंतर पडद्यावर रंगवलेला पाळीव कुत्रा आला की सगळं मुसळ केरात.

कुत्रा किती भयंकर दिसतो यावर गुण देऊ नका. त्या त्या काळची साधनं मर्यादित होती. तो येण्याआधी किती वेळ आणि कसा न दाखवता जाणवून दिला, यावर द्या. आवाज डोळे मिटून ऐका. धुकं प्रसंगाच्या आत येतं की नुसतं पार्श्वभूमीला आहे ते बघा, कारण पुस्तकात धुकं होम्सची योजना जवळजवळ उधळून लावतं, ते सजावटीपुरतं नाही.

सातवी पायरी: उलगडा

पंधराव्या प्रकरणात होम्स बेकर स्ट्रीटवर शेकोटीजवळ बसून सगळं सांगतो. कारवाई संपून गेलेली असते. वाचताना हे सुखाचं वाटतं, पण पडद्यावर पाठलागानंतर दहा मिनिटं बोलणं जड जातं. म्हणून उलगडा तोडून आधीच्या प्रसंगांत पेरला असेल तर ते योग्यच. फक्त यादीतला एकही मुख्य प्रश्न अनुत्तरित राहू नये. बूट का बदलला? चिठ्ठी कुणी पाठवली? सर चार्ल्स मृत्यूच्या रात्री फाटकाशी कुणाची वाट बघत होते? ही तीन उत्तरं मिळाली की मी समाधानी असतो.

लिहायला बसताना

पहिल्या परिच्छेदात निकाल देऊ नका, एक प्रसंग निवडा. बूट, चित्र, झोपडी, काहीही. पुस्तकात तो कसा आहे, पडद्यावर कसा झाला आणि त्याने कोड्याचं काय झालं, एवढं नीट लिहिलंत तर वाचणाऱ्याला तुमचं मत आपोआप कळेल. "निराशा झाली" हे शब्द त्यानंतर आले तर चालतील. गुन्हेगाराचं नाव लिहायचंच असेल तर वर ठळक सूचना द्या. शंभर-सव्वाशे वर्षं जुनी गोष्ट असली तरी कुणीतरी ती आज पहिल्यांदा वाचत असतं.

सरावाला कुठून सुरुवात करायची? मी म्हणेन १९८८चा, जेरेमी ब्रेट होम्स असलेला 'हाउंड' आधी. तो पुस्तकाच्या बराच जवळ आहे, थोडा संथ आहे, आणि एडवर्ड हार्डविकचा शांत, भरवशाचा वॉटसन मधला भाग खांद्यावर घेतो. यादी कशी वापरायची ते त्यावर शिकता येईल. मग १९८१चं इगोर मास्लेनिकोव यांचं दोन भागांतलं सोव्हिएत रूपांतर: वासिली लिव्हानोवचा होम्स, आणि निकिता मिखाल्कोवचा धसमुसळा सर हेन्री, ज्याने पात्राला पुस्तकात नसलेली गंमत आणलीय. त्यानंतर १९५९चा. तिन्ही पाहून झाले की वहीतली बुटाची ओळ काढून बघा, तिघांनी त्याचं काय केलंय ते शेजारी शेजारी लिहा, आणि तिथून पहिलं परीक्षण सुरू करा.